उजवा पीळ

माझा उजवा हात बसेना.

कॉलेजच्या जिन्याखाली, सकाळी सव्वाआठ वाजता, चौदा फुटी मॉडेलपुढे मी अंगठा वर करून उभी होते. पाहुण्यांना दाखवायचा प्रयोग साधा होता. उजव्या हाताचा अंगठा वर धरायचा, बाकीची बोटं दोराभोवती वळवायची आणि बोटांची टोकं जिकडे जातात तिकडे दोरावरून हात सरकवत न्यायचा. हात वर चढत गेला तर पीळ उजवा. डीएनएचा पीळ उजवा असतो. मी हात सरकवला. तो चढायच्या ऐवजी उतरत खाली आला.

पुन्हा केलं. पुन्हा खाली.

मग डावा हात लावला. तो सरसर वर गेला, डोक्याच्याही वर, हात पुरेना तिथपर्यंत.

"ताई, मंतर घालताय काय?" झाडू हातात घेऊन दत्तूमामा विचारत होते. ते आमच्या जीवशास्त्र विभागाचे शिपाई, आणि विभागातल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जुने.

"मामा, जरा तुमचा उजवा हात द्या."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात विजारीला पुसला आणि पुढे केला. मी त्यांचा अंगठा वर केला, बोटं दोरावर ठेवली, सरकवली. हात खाली आला.

"माझाबी हात तुमच्यासारखाच हाय की," मामा म्हणाले. "बिघडलं काय?"

मॉडेल बिघडलं होतं. चौदा फूट, बेचाळीस जोड्या, चार पूर्ण वळसे, आणि सगळंच्या सगळं आरशातल्यासारखं उलटं.

ते मी आणि बेबीआत्याने तीन आठवडे खपून केलं होतं. बेबीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. इचलकरंजीत आमच्या घरामागेच तिची शेड, आठ मागांची. तिथल्या उरलेल्या सुताचे आम्ही दोन जाड दोर वळले. दोन दोरांमध्ये शिडीला पायऱ्या असतात तशा जुन्या लाकडी कांड्या आडव्या बांधल्या. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बाण्याचं, म्हणजे आडवं सूत भरून घालतात त्या कांड्या. नवे माग आल्यापासून आत्याकडे पोत्याने पडून होत्या. लाल म्हणजे अॅडेनीन, पिवळी थायमीन, निळी ग्वानीन, हिरवी सायटोसीन. लालसमोर कायम पिवळी, निळ्यासमोर कायम हिरवी. समोरासमोरच्या कांड्या मध्ये टिचबटणांनी जोडल्या होत्या: लाल-पिवळ्याला दोन बटणं, निळ्या-हिरव्याला तीन. खऱ्या डीएनएत तिथे तितकेच हायड्रोजन बंध असतात. चौऱ्याऐंशी कांड्या मी मोजून रंगवल्या होत्या. वळशाला साडेदहा जोड्या यायला हव्यात म्हणून बेचाळीसच जोड्या घेतल्या होत्या. आणि एवढं सगळं काटेकोर करून झाल्यावर शिडीचं एक टोक शेडच्या खांबाला अडकवलं, दुसऱ्या टोकाला हँडल लावलं आणि मी म्हणाले, "आत्या, उजवा पीळ दे."

"उजवाच ना?"

"उजवाच. पुस्तकात मोठ्या अक्षरात आहे."

तिने उजवा पीळ दिला. मग पीळ सुटू नये म्हणून ताण्याच्या उभ्या सुताला देतात तशी दोरांना खळ दिली. वाळल्यावर दोर काठीसारखे कडक झाले.

आता ते काठीसारखे कडक दोर माझ्यापुढे लटकत होते, आणि अकरा वाजता डॉ. नसीम तांबोळी येणार होत्या.

तांबोळीमॅडम पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आरएनएवर काम करत. त्या दिवशी आमच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं, पण माझ्या दृष्टीने ते निमित्त होतं. मॅडम तीन कॉलेजांना भेट देणार होत्या, आणि तीन कॉलेजांतून मिळून एका विद्यार्थ्याला उन्हाळ्याचे दोन महिने स्वतःच्या प्रयोगशाळेत घेणार होत्या. आमच्याकडून नाव माझं गेलं होतं. मुलाखत वेगळी नव्हती. मी मॉडेल समजावून सांगायचं, हीच मुलाखत. घरी माझं पुढचं ठरलेलं होतं. बी.एस्सी. झाली की बी.एड. आणि मग शहापूरच्या शाळेत अर्ज. त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त माझ्या डोक्यात तेव्हा बी.एड. नव्हतं, दुसरंच काही होतं, आणि त्या दुसऱ्याला दरवाजा एवढा एकच होता.

साडेआठला नाईकवडी सर स्कूटर लावून आत आले. मी त्यांना हात लावून दाखवलं. सरांनी स्वतःचा उजवा हात लावला, मग डावा लावला, मग चष्मा काढून पुसला.

"उलटं टांगलंय का?" दत्तूमामांनी विचारलं. "खालचं वर करून बघूया की."

सर माझ्याकडे आशेने बघायला लागले. मी मामांच्या हातातून झाडू घेतला, त्याच्या मुठीवरची गुंडाळलेली सुतळी दाखवली. "मामा, ही बघा, इकडून अशी चढते. आता झाडू उलटा धरते. बघा."

मामांनी मान वाकडी करून बघितलं. "तशीच चढतीय की."

"पीळ उलटा धरून बदलत नाही. आरशातच बदलतो."

"मग आरसा आणू?"

"मामा, तुम्ही चहा आणा," सर म्हणाले.

मामा गेले. सर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले. ते तसे शांत गृहस्थ. अठ्ठावीस वर्षं शिकवत होते आणि चुकलेल्या आकृतीला कधी फुली मारत नसत, फक्त शेजारी बरोबर आकृती काढून देत.

"मंजिरी, ऐक. डाव्या पिळाचाही डीएनए असतो. झेड-डीएनए. खोटं तर नाही ना?"

"नाही सर."

"पाटीवर एवढं एक अक्षर वाढव. झेड. झालं! उलट छाप जास्त पडेल. मुलीने नेहमीचं सोडून वेगळं केलं, असं वाटेल."

खरं सांगते, मी खडू हातात घेतला होता. पाटी समोरच होती, माझ्याच अक्षरातली: 'डीएनएची दुहेरी सर्पिल रचना'. एक अक्षर. दोन सेकंदांचं काम. मी अक्षर लिहायला हात उचलला आणि सवयीने मनात मोजलं.

"सर, झेडमध्ये वळशाला बारा जोड्या असतात. आपल्या साडेदहा आहेत. आणि त्याचा कणा नागमोडी असतो, आपला सरळ वळतो."

"कोण मोजणार आहे?"

"मी मोजल्यात."

सर हसले, पण थकल्यासारखे. "अगं, मॉडेल करायलाच तीन आठवडे लागले होते, आता उतरवून पुन्हा कधी करणार? अकरा वाजता इथे कांड्यांचा ढीग असेल तर मॅडम काय बघणार? त्या दुपारी जयसिंगपूरला जाणार, तिथली पोरं कॉम्प्युटरवर फिरणारा डीएनए दाखवणार. जागा एकच आहे. तुला हवीय ना?"

"हवीय."

"मग?"

मी खडू खाली ठेवला. "सर, आत्याला फोन करते. ती नाही म्हणाली तर झेड लिहिते."

आज मला वाटतं, ते वाक्य काही फार शूर नव्हतं. अर्धा निर्णय मी आत्यावर ढकलला होता.

फोनवर मी एवढंच सांगितलं, दोरांची खळ सोडवायचीय, लगेच ये. बेबीआत्या पंचवीस मिनिटांत आली. पायात शेडमधल्याच चपला, केसांत कापसाचे तंतू. एका हातात बादली, दुसऱ्यात मोठा थर्मास. मॉडेलकडे तिने एकदाच पाहिलं.

"उलटा पडला व्हय?"

"आत्या, मी उजवा सांगितला होता."

"आणि मी उजवाच दिलो. हँडल उजवीकडंच फिरवलो. तू बघत होतीस."

"मग तो डावा कसा झाला?"

"मला काय विचारतीस? बी.एस्सी. तू करतीस."

सर मध्ये पडले. "ताई, नमस्कार. मी नाईकवडी. तुम्ही कुठे उभ्या होतात फिरवताना?"

"हँडलापाशी. आणि कुठं उभी ऱ्हाणार?"

"म्हणजे सुट्या टोकाकडे," मी म्हणाले, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी खिशातला रुमाल काढला, एक टोक सरांना धरायला दिलं, दुसरं मी उजवीकडे पिळलं. मग सरांना म्हणाले, "सर, तुमच्याकडून तुम्हीही उजवीकडे पिळा." त्यांनी पिळलं. पीळ वाढला.

"अरे!" सर म्हणाले. "दोन्हीकडून उजवीकडेच फिरवतोय, आणि पीळ एकच पडतोय."

"आणि बघा, तो पडतोय डावा. आपण दोघं समोरासमोर उभे आहोत ना, म्हणून तुमचं उजवीकडे आणि माझं उजवीकडे एकमेकांच्या उलट आहे. आत्याचा उजवा म्हणजे हात कुठे फिरला तो. पुस्तकातला उजवा म्हणजे तयार झालेला दोर कसा चढतो तो. शब्द एकच, आणि..."

"व्याख्यान अकराला दे," आत्या म्हणाली. "आता फिरवायचा कसा ते सांग."

"डावीकडे. सुट्या टोकाकडून डावीकडे."

"किती?"

"चार फेरे सोडायला, चार नवीन."

"आठ फेऱ्यांसाठी रडकुंडीला आलीवतीस?" तिने थर्मासचं झाकण काढलं. वाफ वर आली. "खळ पाण्यात बसते, तशी पाण्यातच उठते. कढत पाणी लागंल. हे पुरायचं न्हाई, अजून बघा कुठं मिळतंय का."

दत्तूमामा चहाच्या किटल्या घेऊन आले होते, ते तसेच परत गेले आणि नुसत्या कढत पाण्याच्या तीन किटल्या भरून आणल्या. मग ते पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि वरून, देवावर अभिषेक करावा तसं, दोन्ही दोरांवर बारीक धार सोडायला लागले. पाणी पिळातून वळत वळत खाली येत होतं. मी आणि आत्या दोरांच्या खालच्या टोकांना बांधलेली फळी धरून उभ्या होतो. हातावर खळ यायला लागली, चिकट, पांढरी.

"सुटला," आत्या म्हणाली. तिला दोराच्या आतलं कळत असे. "चल, सोड. एक."

पहिला फेरा सुटला. दुसरा. चौथ्याला सगळा डीएनए सरळ शिडी होऊन लटकला. रंगीत कांड्या एकाखाली एक. मी कधी पाहिलं नव्हतं त्याला असं, पिळाशिवाय. सरही जवळ येऊन बघायला लागले.

"हे मधलं कशाला उघडून ठेवलंयस?" आत्याने विचारलं. मधल्या दहा जोड्यांची बटणं मी मुद्दाम उघडी ठेवली होती. तिथे एका दोराशेजारी एक तिसरा, बारीक, एकेरी दोर टांगला होता, त्याच्या फक्त एका बाजूला कांड्या. "आणि हा सुटा कोण?"

"तो आरएनए. त्याच्यासाठीच तर मॅडम येतायत."

"त्याचं काम काय?"

"नक्कल करायची. डीएनए पेशीच्या केंद्रकातून बाहेर येत नाही. आत सगळं लिहिलेलं असतं, कुठलं प्रथिन कसं बांधायचं ते. पण बांधकाम बाहेर चालतं. मग जेवढं लागतं तेवढाच भाग उघडतात, त्याची आरएनएमध्ये नक्कल होते आणि ती बाहेर जाते. बाहेर रायबोसोम नावाचं यंत्र ती तीन-तीन अक्षरं वाचतं, आणि दर तीन अक्षरांना एक मणी जोडत जातं. मण्यांची माळ झाली की ते प्रथिन."

"आणि मग ती नक्कल?"

"मोडून टाकतात. फार टिकत नाही ती. आपल्या बोटांच्या घामानेसुद्धा खराब होते."

आत्याने फळी एका हातात धरली आणि मान वर करून त्या बारीक दोराकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे चिठ्ठी."

"काय?"

"डिझाईनची वही आमच्या डिझाईन काढणाऱ्या मास्तरांनी कधी कपाटाबाहेर काढली न्हाई. मागावर जायची ती चिठ्ठी. जेवढं कापड विणायचंय तेवढ्याचीच. माग जुळवणारा जॉबर ती बघून मागावर नक्षीच्या खुंट्या भरायचा. तेलाचा हात लागून दोन दिवसांत चिंधी व्हायची. झाली तर झाली, वही शाबूत." तिने आरएनएची एक नारिंगी कांडी बोटाने हलवली. "इथं पिवळी पायजे ना? लालच्या समोर?"

"आरएनएमध्ये थायमीन नसतं. त्याच्या जागी युरॅसील. म्हणून नारिंगी."

"मास्तरांचीबी लाल पेन्सील कपाटात ऱ्हायची. चिठ्ठीवर लालच्या जागी जांभळ्या खुणा. सगळ्यांना ठाऊक असायचं."

सरांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. मला त्यांचा तेव्हा जरा राग आला, कारण ते उदाहरण माझ्या आत्याचं होतं आणि पुढच्या वर्षी ते वर्गात वापरणार हे दिसतच होतं. त्यांनी वापरलं. अजूनही वापरतात, आत्याचं नाव घेऊन.

"फिरवा आता," वरून मामा ओरडले. "पाणी गार व्हाय लागलं!"

आम्ही फळी डावीकडे फिरवायला घेतली. पहिला फेरा सहज झाला. दुसऱ्याला दोर कुरकुरले. तिसऱ्याला एक लाल-पिवळी जोडी टिच करून सुटली, पाठोपाठ दुसरी. "दोन बटणांच्याच सुटतायत, तीनच्या धरून आहेत," मी आनंदाने म्हणाले, कारण खऱ्या डीएनएतही तापवल्यावर तसंच होतं. आत्या म्हणाली, "कौतुक मागनं कर, आधी लाव." मी लावल्या. चौथा फेरा दोघींनी दात खाऊन घातला. सुती दोर भिजून आखडले होते. फळी वीतभर वर उचलली गेली आणि ती जिला अडकवायची त्या जमिनीवरच्या खिट्टीला पोचेना. आत्याने कमरेची सुताची गुंडी काढली, फळीला आणि खिट्टीला चार पदर घालून ती गाठ मारली जी तुटलेला धागा सांधायला मारतात. बोटं इतकी भरभर फिरली की मला आजही ती गाठ नीट येत नाही.

मी उजवा हात पुढे केला. अंगठा वर. बोटं दोरावर ठेवली. हात सरसर वर गेला.

"बसला!" मी ओरडले.

"मॅडम आल्या," सर म्हणाले.

दहा चाळीस झाले होते. दारात प्राचार्य हार घेऊन धावत होते आणि मॅडम त्यांना चुकवून सरळ जिन्याकडेच येत होत्या. बुटक्या, सुती साडी, पन्नाशीच्या. मॉडेल थबथब गळत होतं. जिन्याखाली तळं साचलं होतं. आत्या बादली घेऊन खांबामागे सरकली.

मॅडम मॉडेलपुढे थांबल्या. उजवा हात वर केला, अंगठा ताठ, बोटं वळवली आणि दोरावरून हात वर नेला. मग वरून एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"हे ओलं का आहे?"

"धुतलं मॅडम," सर घाईने म्हणाले. "धूळ बसली होती."

"पेशीतही ओलाच असतो म्हणा. पण इतकं कोणी दाखवत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "बोल. तू केलंयस ना?"

माझं भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य होतं, 'डीएनए हा दोन साखळ्यांचा रेणू आहे.' तोंडून निघालं ते वेगळंच.

"मॅडम, आज सकाळी हा डावा होता."

सर छताकडे बघायला लागले. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"मग झेड म्हणून खपवायचा की."

"वळशाला बारा जोड्या लागल्या असत्या. ह्यात साडेदहा आहेत."

"मोजल्यास?"

"हो."

"कणाही नागमोडी करावा लागला असता."

"हो मॅडम."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर अजून छताकडेच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. "बरं, मग चुकला कसा?" मॅडमनी मला विचारलं. "चित्र बघून केलं नाही?"

"शब्दावरून केलं. मी उजवा म्हणाले, आत्याने उजवा दिला. तिचा उजवा आणि पुस्तकातला उजवा वेगळे निघाले."

"आत्या कुठेय?"

खांबामागून बादली दिसत होती. आत्या पदराला हात पुसत पुढे आली. मॅडमनी तिला नमस्कार केला, तिने त्यांना केला.

"तुमचा उजवा म्हणजे काय, मला दाखवता?"

"त्यात काय दाखवायचं? हँडलापाशी उभं ऱ्हायचं आणि हात उजवीकडं फिरवायचा. समोर जे पडंल त्याला आम्ही उजवा म्हणतो. तुम्ही लोक दोराकडं बघून म्हणता. तुम्ही फिरवत न्हाई ना, म्हणून." तिने खालच्या फळीकडे बोट दाखवलं. "कुठं उभं ऱ्हाऊन बोलतोय ते आधी सांगाय पायजे, मग भांडण न्हाई."

मॅडम हसल्या, पण नुसतं बरं वाटावं म्हणून नाही. त्या वळून मॉडेलकडे बघत राहिल्या. "ताई, ह्या दोन दोरांपैकी एक वर जाणारा आहे, एक खाली येणारा. प्रत्येकाच्या एका टोकाला आम्ही पाचचं म्हणतो, दुसऱ्याला तीनचं, पण लांबून सारखेच दिसतात. माझ्याकडे दर वर्षी एक तरी हुशार पोरगं साखळी उलट्या टोकाकडून वाचतं. अक्षरं सगळी बरोबर, आणि महिनाभराचं काम फुकट." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुझं पाठ केलेलं म्हण. आणि आरएनएपासून सुरू कर."

मी चिठ्ठीपासून सुरू केलं.

दुपारी घरी जाताना आत्या आणि मी रिकामी बादली दोघींत धरून चालत होतो. माझा जीव एकदम हलका झाला होता. जागा मिळाली का नाही ते कळायला पंधरा दिवस लागणार होते, तरीही.

"आत्या, एक विचारू? आज आलीस आणि एका नजरेत म्हणालीस, उलटा पडला व्हय. इतक्या लगेच कसं कळलं?"

"लगेच कुठं? शेडमध्येच कळलंवतं."

मी थांबले. बादली दोघींमध्ये तिरपी झाली. "कधी?"

"खांबावरनं दोर काढला तवाच. तुझं पुस्तक उघडं पडलंवतं ना पोत्यावर. चित्रातला पीळ एकीकडं चढतोय, आपला दुसरीकडं."

"आणि बोलली नाहीस? इतके दिवस?"

"तू म्हणलीस, पुस्तकात मोठ्या अक्षरात हाय." तिने बादली सरळ केली. "मी म्हटलो, चित्र काढणारा चुकला असंल. लिहिणारा कसा चुकंल? लिहिणारा शिकलेला असतोय."

तीसएक वर्षं पिळाशी खेळलेले तिचे डोळे, आणि तिने ते माझ्या एका शब्दापुढे बाजूला ठेवले होते. आणि मी, चौऱ्याऐंशी कांड्या मोजणारी, तिला एवढंही विचारलं नव्हतं की आत्या, तुला कसं दिसतंय?

"पुढच्या वेळी बोलशील?" मी म्हणाले.

"तू इचारशील?"

"विचारीन."

"मग बोलतो की."

पंधराव्या दिवशी पत्र आलं. बी.एड.चा अर्ज तसाच राहिला. वडील दोन दिवस अबोल होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एस.टी.चं तिकीट काढून आणलं.

ह्याला आता आठ वर्षं झाली. ते दोन महिने वाढत वाढत माझं काम होऊन बसले. पण पुण्यातला पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. तांबोळीमॅडमनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर वीस अक्षरं होती, ए, यू, जी, सी, नुसती ओळीने. "ह्याच्या जोडीची साखळी लिहून आण," त्या म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

सोपं होतं. ए समोर यू, जी समोर सी. मी पेन उघडलं आणि मग बंद केलं.

"मॅडम, ही कुठल्या टोकाकडून लिहिलीय?"

त्यांनी मान वर केली नाही. सूक्ष्मदर्शकातच बघत होत्या. पण गालाची कड हलली.

"पाचच्या," त्या म्हणाल्या. "आणि आत्यांना सांग, विचारलंस म्हणून."

संध्याकाळी मी फोन केला. तिकडे मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे आत्या नेहमीसारखी ओरडूनच बोलत होती.

"काय गं मंजे, कुठं उभी हायस?"

"पाचच्या टोकाला," मी म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाली. "मग तिथनं हात फिरव."